फरशीवरचा गम

सुमन, परी रांगायला लागली.

गेल्या बुधवारी दुपारी मनीषाचा वापीहून फोन आला तेव्हा कळलं. नातीची ही बातमी तुला सांगायला म्हणून मी फोन ठेवल्याठेवल्या स्वयंपाकघराकडे निघालो. दारात पोचल्यावर आठवलं. तुला जाऊन सव्वा महिना झाला, तरी पाय अजून तिकडेच वळतात.

आपण घरात आयुष्यभर अहिराणी बोललो, पण मला लिहिता येतं ते गावच्या शाळेत शिकवलेलं मराठी. ते चालवून घे. तुझं बोलणं मात्र तुझ्याच शब्दांत लिहितो. ते दुसऱ्या भाषेत घातलं की त्यातला तुझा ठसका जातो.

मनीषा म्हणाली, "पप्पा, आम्ही रविवारी येतो. पण ही आता एका जागी बसत नाही हां. खाली जे दिसेल ते उचलून सीधं तोंडात. तुम्ही मम्मीचा कोपरा साफ करून घ्याल का? ते खडे, तो गम, सगळं."

"करतो ना."

"आणि थिनरबिनर लावू नका. परीला वास सहन होणार नाही, अन् तुम्हाला पण."

"थिनर मी कशाला लावू? मी कधी लावलंय का?" मी जरा जोरातच बोललो. मग "बरं" म्हणून तिनं फोन ठेवला.

तुझ्या कोपऱ्याकडे मी सव्वा महिना नीट पाहिलंच नव्हतं. तेराव्याला पाहुणे आले तेव्हा कुणीतरी त्यावर सतरंजी टाकली होती, ती तशीच होती. बुधवारी ती उचलली. बारा वर्षं तू त्या खिडकीखाली बसून साड्यांवर काचेचे खडे चिकटवलेस. सकाळी शेठचा माणूस साड्यांचा गठ्ठा टाकून जायचा आणि सांजेला घेऊन जायचा. मधल्या वेळात तुझ्या मांडीवर पाट, पाटावर साडी आणि हातात मेंदीच्या कोनासारखा गमचा कोन. एक थेंब, एक खडा. एक थेंब, एक खडा. जो थेंब साडीवर पडायचा नाही तो फरशीवर पडायचा आणि वाळून रबरासारखा व्हायचा. त्यावर धूळ बसून तो काळा पडायचा.

मी गुडघे टेकून खाली बसलो. मग हातही टेकले. परीला जसं दिसेल तसं पाहायचं होतं. उभ्यानं जे नुसते काळे डाग वाटत होते, ते जवळून पाहिले तर एकेकात दोन-तीन खडे रुतलेले. बाळाच्या नखानं सुटतील असे. भिंतीच्या कडेला एक टाचणी. कपाटाच्या पायाला गमचा एवढा मोठा गोळा. फरशी एवढीशी, पण मोजायला घेतलं तेव्हा साठ-सत्तर डागांनंतर मी मोजणंच सोडलं. हातात उरले तीन दिवस.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. गॅसचं बटण मी तीनदा बघतो. कुलूप लावल्यावर जिन्यातून परत वर येतो. तू म्हणायचीस, "तुम्हले सम्द्या गोष्टीस्नं भ्याव वाटस." वाटतं, ते खरंच आहे. मिलच्या कलर खात्यात तीस वर्षं काढली. तिथं ज्याला भीती वाटत नव्हती त्याची बोटं मी पाहिलेली आहेत.

गुरुवारी सकाळी कामाला लागलो. आधी नुसती पत्र्याची पट्टी घेतली, पण तिनं फरशीवर चरा उमटला. मग चाकू घेतला, तो घसरून अंगठ्याजवळ लागला. फार नाही, पण मी पंधरा मिनिटं बोट नळाखाली धरून बसलो. तेवढ्यात समोरच्या रमीलाबेन ताक द्यायला आल्या. मला फरशीवर बसलेला पाहून त्या दारातच थांबल्या.

"अरे भाई, आ शुं करो छो?"

काय करतोय म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, नात येणार आहे.

"तो थिनर लगाडो ने! बे मिनिटमां चोख्खुं. सुमनबेन तो एनाथी ज साफ करतां'तां."

दोन मिनिटांत स्वच्छ, सुमनबेन तर त्यानंच साफ करायच्या. त्यांनी सहज म्हटलं, आणि मला ते कुणी कानाखाली मारल्यासारखं लागलं. मी म्हणालो, "नाही बेन, थिनर नको. घरात लहान मूल येणार." त्या म्हणाल्या, मूल रविवारी येणार ना, तोपर्यंत वास उडून जाईल. तेही खरं होतं. त्या गेल्यावर मी ताक तसंच ठेवलं आणि ओट्याखाली वाकलो.

थिनरचा डबा तिथंच होता. गॅसच्या सिलिंडरपासून वीतभर अंतरावर. सुमन, किती वेळा सांगितलं असेल मी तुला? हजार वेळा? "तो डबा गॅसपाशी ठेवू नकोस." "खिडकी उघड मग लाव." "हाताला रबरी मोजे घाल." "खोबरेल लाव, थोडा वेळ थांब, गम आपोआप सुटतो." आणि तुझं ठरलेलं उत्तर, मान वर न करता, "माले सांजले माल देना शे. तेल लाईसन बठी राहू का?"

एकदा तर जीवच जायचा होता. मनीषा तेव्हा कॉलेजात होती. तू थिनरचा बोळा ओट्यावर ठेवून चहाचं आधण ठेवलंस आणि भक्कन जाळ झाला. मी पहिल्या पाळीहून नुकताच आलो होतो, चप्पलही काढली नव्हती. मी नुसता ओरडलो. तू मात्र दाराशी पडलेलं ओलं पोतं उचललंस, त्यावर टाकलंस आणि आधी गॅस बंद केलास. तुझ्या मनगटाला भाजलं होतं. तू म्हणालीस, "काहीच व्हत नही. बठा गुमान, च्या करस." आणि खरंच पुन्हा आधण ठेवलंस. त्या चहाचा घोट माझ्या घशाखाली उतरला नाही, तू मात्र बशीत ओतून प्यालीस.

शुक्रवारी दुपारपर्यंत माझे जेमतेम पंधरा डाग निघाले होते. गुडघे सुजले. कोमट पाण्याचा फडका ठेवून बघितला, मीठ घासून बघितलं. कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्टही लावली, तर पांढरं आणि काळं मिळून नुसता चिखल झाला. मनात हिशेब एकच: शुक्रवार संपत आला, उरला शनिवार. परी येईल, मनीषा तिला खाली सोडेल, आणि माझी पाठ वळली की ती काहीतरी घशात घालेल. मग दवाखाना, पुन्हा तुझ्या वेळचे तेच हिरवे पडदे. मी डोळे मिटले तरी तेच दिसायला लागलं.

तेव्हा मी तो डबा घेतला. होय, मीच. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. पाना लावून, जोर करून उघडलं. फडक्यावर ओतलं, तर थोडं हातावर सांडलं, थोडं फरशीवर. वास नाकात गेला आणि डोळ्यांना पाणी आलं. वाकून पहिल्या डागावर फडका ठेवणार, एवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

तुझ्या फोटोपुढचा दिवा.

सकाळी मीच लावला होता. खालच्या फळीवर, माझ्यापासून चार हातांवर. खिडकी बंद, कारण ऊन अडवायला तू लावलेला कागद अजून काचेवर चिकटवलेला. पंखा चालू. आणि माझ्या हातात ओला बोळा.

मला हलता येईना. मिलमध्ये एकदा ड्रमचं झाकण उघडं राहून आग लागली होती, तेव्हा सुपरवायझरनं आम्हा सगळ्यांना अंगणात उभं करून सांगितलं होतं की आग द्रवाला लागत नाही, त्याच्या वाफेला लागते, आणि वाफ जमिनीवरून सरपटत जाते. हे तुला सांगताना मी किती वेळा हात नाचवले असतील. आता ती वाफ माझ्याच गुडघ्यांपासून सरपटत तुझ्या फोटोकडे चालली होती आणि माझी मती बंद पडली होती. आधी डबा बाहेर न्यावा की आधी दिवा विझवावा? फुंकर मारायला दिव्याजवळ जावं तर थिनरचा हातही जवळ जातो. पंखा बंद करावा तर बटणात ठिणगी पडते. मी किती वेळ तसाच बसलो असेन? अर्धं मिनिट असेल. मला ते फार मोठं वाटलं.

शेवटी डबा आणि बोळा घेऊन हळूहळू मागे सरकत गॅलरीत गेलो. दार सताड उघडं टाकलं. तिथल्या नळावर कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, सदरा काढून बाहेरच टाकला. मग उघड्या अंगानं आत आलो, पितळी वाटी उपडी करून दिव्यावर ठेवली आणि दिवा विझवला.

तू गेल्यापासून तो रोज तेवत होता. मी मनाशी ठरवलं होतं की वर्षभर एक दिवसही चुकवायचा नाही. आणि सव्वा महिन्यात तो मीच, माझ्या हातांनी, थिनरच्या पायी विझवला. तुझ्या फोटोकडे बघायची मला लाज वाटली. मी खिडकीपाशी गेलो, काचेवरचा कागद खस्सकन ओढला आणि खिडकी उघडली. मग भिंतीला टेकून बसलो आणि रडलो. तू गेलीस त्या दिवशी लोक होते, तेव्हा रडायला जमलं नव्हतं.

आता जे लिहितो ते मी तुला बारा वर्षांत बोललो नाही.

थिनरची पहिली बाटली मी आणली होती. तुझं काम नवीन होतं, तुझी बोटं एकमेकांना चिकटायची, आणि रात्री भाकरी थापताना तू कातडं सोलून काढायचीस. मला ते बघवेना. मी मिलमधून औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं थिनर भरून आणलं. तुझ्यासमोर बसून तुझी बोटं स्वतः पुसली. फरशीवरचा एक डाग पुसून दाखवला आणि म्हणालो, "बघ, चटकन निघतं." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं काही मी सोन्याचं कायतरी आणलंय. मग मिलमधली ती आग लागली, सुपरवायझरचं व्याख्यान झालं, आणि मी तुझ्यावर ओरडायला लागलो. असा ओरडायचो, जसं काही ती वस्तू तूच कुठूनतरी घरात आणली होतीस. एकदाही म्हणालो नाही की सुमन, ही सवय मी लावली, चूक माझी.

आणि तूही एकदा म्हणाली नाहीस. हे मला समजत नव्हतं. भांडणात तू काय काय काढायचीस! माझ्या आईनं लग्नात दिलेली फाटकी शाल काढायचीस. पण ती बाटली कधी काढली नाहीस. तुझ्या हातात एवढं मोठं हत्यार होतं आणि तू ते वापरलं नाहीस.

दोन वर्षांपूर्वी तुला खोकला लागला. मग जिना चढताना दम. मग दवाखान्यातले ते चार दिवस. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं होतं. मी विचारलं, "साहेब, थिनरच्या वासानं?" ते म्हणाले, असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता गेले. त्या हाताचा अर्थ मी सव्वा महिना लावतोय. हो होता की नाही होता?

त्या चार दिवसांत तुझ्याशी हे बोलावं असं दर तासाला वाटायचं. तू डोळे उघडायचीस, मी तोंड उघडायचो, आणि नर्स यायची. शेवटचं तू माझ्याशी काय बोललीस? "खिडकीवरला कागद काढू नका, मालवर ऊन यी." साडीचा रंग उडेल म्हणून. तोच कागद मी शुक्रवारी ओढून काढला.

असो. शनिवारी मी पहाटेच उठलो आणि तू ज्याला कंटाळायचीस ते केलं. खोबरेल तेल. कापसाचे बोळे तेलात बुडवून एकेका डागावर ठेवले, दहा-बारा डाग एका वेळी. आणि थांबलो. थांबणं हेच कठीण असतं, हे मला तेव्हा कळलं. मी दर मिनिटाला उचलून बघायचो, मग स्वतःलाच दटावायचो. अर्ध्या तासानं जुनं बंद पडलेलं बँकेचं कार्ड तिरपं धरून सरकवलं, आणि गम सालीसारखा सुटून आला. खडे कार्डावर गोळा झाले. ते मी झाकणाच्या डबीत टाकत गेलो, एकही खाली राहू दिला नाही.

मग पुढची काळजी. तेलानं फरशी गुळगुळीत झाली, त्यावरून कुणी घसरलं तर? म्हणून भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी घेऊन दोनदा पुसलं, आणि तिसऱ्यांदा साध्या पाण्यानं. अनवाणी चालून पाहिलं. फ्रिजच्या दाराला तुझ्या बोटांचे गमचे ठसे होते. उठताना तू तिथं हात टेकायचीस. तिथं तेल लावायच्या आधी खाली कोपऱ्यात थोडंसं लावून रंग जातो का पाहिलं. गेला नाही. खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीचा पिवळा थर राहिला होता. त्यावर कोमट पाण्याचा फडका धरून ठेवला, मग तेल, मग कार्ड. ब्लेडनं लवकर निघालं असतं, पण ब्लेड हातात धरायची माझी हिंमत नव्हती. काच साफ झाल्यावर ऊन थेट तुझ्या जागेवर पडलं.

त्या उन्हात मला ते दिसलं. सगळीकडे डाग, आणि मधोमध पाटाएवढी कोरी जागा. एकही थेंब नाही. तू बसायचीस तिथं थेंब पडणार कुठून? तुझ्या भोवतीनं पडत गेले, आणि मधे तू राहिलीस. आजूबाजूचे डाग काढले की ही जागा कुठली ते कुणाला कळणार नाही. मलाही नाही. मी हातात कार्ड घेऊन बराच वेळ बसून राहिलो. मग त्यातल्याच एका काळ्या थेंबात एक हिरवा खडा चमकला, आणि मला परीचं तोंड आठवलं. मी तेलाचा बोळा ठेवला. सांजेपर्यंत सगळे डाग काढले. तुझी जागाही बाकीच्या फरशीसारखी झाली.

रविवारी मनीषा आली. दारातच परीला माझ्याकडे दिलं आणि घरात पाहत उभी राहिली. खिडकीतून एवढा उजेड आलेला तिनं कधी पाहिला नव्हता. "पप्पा, हे सगळं तुम्ही केलं? कशानं?"

"तेलानं. खोबरेल."

खाली बसून तिनं फरशीवर हात फिरवला.

परीला सोडलं तशी ती सुसाट निघाली. मी तिच्या मागं वाकून वाकून. मनीषा हसत होती, "अहो पप्पा, पडाल!" परी कपाटापाशी गेली, उंबऱ्यापाशी गेली, तिथं थांबली, आणि फटीतून काहीतरी चिमटीत उचललं. मी ओरडलो. तोपर्यंत तोंडात. मी तिला आडवं धरलं आणि गालात बोट घातलं. ती चावली, रडली, आणि माझ्या बोटाला लागून बाहेर आला तो एक पांढरा खडा, तांदळाच्या कणीएवढा. उंबऱ्याची फट मी तपासलीच नव्हती.

मनीषानं परीला माझ्याकडून घेतलं. "काही नाही झालं पप्पा. निघाला ना. बघा, हसायला पण लागली."

"मी सगळं साफ केलं होतं," मी म्हणालो. "सगळं. मी थिनरनं पण करायला गेलो होतो, आणि दिवा..." मग मला थांबता आलं नाही. मी तिला शुक्रवारचं सांगितलं. आणि पहिल्या बाटलीचंही सांगितलं. आपल्या मुलीसमोर, सुमन, भर दुपारी, परी मनीषाच्या कडेवरून माझ्या सदऱ्याचं बटण ओढत असताना. "मी आणलं ते. तुझ्या आईचा जीव मीच घेतला की काय, हे मला कुणी सांगत नाही."

मनीषानं परीला खाली सोडलं. मग म्हणाली, "पप्पा, मम्मीनं थिनर केव्हाच सोडलं होतं."

"काय?"

"खोकला लागला तेव्हापासून. दोन वर्षं झाली. तेलच लावायची. जेवढं निघेल तेवढं काढायची, बाकी राहू द्यायची. माल वेळेवर द्यायचा असायचा ना. म्हणून तर एवढी घाण झाली फरशी. आधी होते का इतके डाग?"

नव्हते. आधी तू रोज सांजेला थिनरचा फडका मारून फरशी लख्ख करायचीस. मग झाकण का गंजलं होतं तेही कळलं. डबा ओट्याखाली दिसायचा, म्हणून मी दोन वर्षं उगाच ओरडत राहिलो.

"मला का नाही सांगितलं?"

"मी पण विचारलं तिला. म्हणाली, पहिली बाटली यांनीच आणली होती." मनीषा थांबली. मग तुझ्याच आवाजात, तुझ्याच ठसक्यात बोलली, "'माले काही व्हयनं ते तुना बाप ती बाटली डोकावर लिसन बठी.' तुम्ही स्वतःला दोष देत बसाल, म्हणून सोडलं. स्वतःसाठी नाही सोडलं तिनं."

मी भिंत धरून खाली बसलो.

"अन् तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली. सांगितलं तर भांडण संपेल. मग हे माझ्याशी बोलतील काय? असं म्हणाली अन् हसत बसली."

परी माझ्या पायावर चढायला लागली होती. मी तिला उचलून घेतलं. त्या दुपारी मी परत एकदा उंबरे तपासले, सगळे, टॉर्च लावून. मनीषानं थिनरचा डबा बंद करून खालच्या मजल्यावरच्या रंगाऱ्याला नेऊन दिला. तो उघड्यावर काम करतो. सांजेला तिनं दिवा लावला. मी लावू का असं तिनं विचारलं नाही.

दोन दिवस राहून त्या दोघी आज परत गेल्या. घर शांत झालं आहे आणि मी पुन्हा तेच करतोय, डॉक्टरांच्या त्या हाताचा अर्थ लावतोय. दोन वर्षांआधीची दहा वर्षं होतीच की. ती काही पुसली गेली नाहीत. ते मला कधी कळणार नाही, आणि न कळता जगायचं कसं, हे या वयात शिकावं लागेल. पण आता त्याबरोबर दुसरंही एक आठवतं. गेल्या दिवाळीत पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो, "आमच्या घरात पाय ठेवायची सोय नाही, चपला चिकटतात." सगळे हसले. तू लाडवाचं ताट ठेवलंस आणि आत गेलीस. मी समजलो, तुला राग आला. तू आत गेलीस ती कदाचित हसायलाही गेली असशील. तुझ्याजवळ उत्तर होतं, आणि तू ते दिलं नाहीस.

एवढं मात्र मी तुला ऐकवणार. मला जिंकू दिलं असतंस तर मी काय केलं असतं, माहीत आहे? दोन दिवस मिरवलो असतो. सगळ्या बिल्डिंगला सांगितलं असतं. आणि तिसऱ्या दिवशी पाळीहून आलो की तुझ्याशेजारी फरशीवर बसून, तेलाचा बोळा ठेवून, तुझ्याबरोबर गम सुटायची वाट बघत बसलो असतो. एवढं तरी करू द्यायचं होतंस, सुमन.